प्रपंचात राहून प्रार्थना शिकविणारे संत फ्रान्सिस दी सेल्स

प्रतिवर्षी २४ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस दी सेल्स ह्यांचा स्मृतिदिन साजरा करते. कॅथलिक पत्रकार व लेखक ह्यांचे ते आश्रयदाते संत आहेत. जागतिक संपर्क दिनाचा पोपमहोदयांचा संदेशही बहुधा ह्याच तारखेला प्रसिद्ध होतो. परंतु लेखणीच्या क्षेत्राबाहेर असलेल्या सामान्य ख्रिस्ती माणसावर ह्या संतांचे त्याहूनही मोठे ऋण आहे. प्रार्थना, ध्यान, आध्यात्मिक वाचन ह्या गोष्टी मठात राहणाऱ्यांच्या; संसारी माणसाने रविवारची मिस्सा चुकवली नाही म्हणजे पुरे, अशी समजूत त्या काळी सर्वत्र रूढ होती. ती आजही आपल्यात थोडीफार आढळते. चारशे वर्षांपूर्वी ह्या बिशपांनी ती आपल्या ग्रंथाने, पत्रांनी आणि आचरणाने खोडून काढली. त्यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय.

बालपण व शिक्षण

फ्रान्सिस ह्यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी आल्प्स पर्वताच्या कुशीत, सॅव्हॉय प्रदेशातील थोरेन्स गावाजवळ, सेल्स घराण्याच्या गढीत झाला. सॅव्हॉय तेव्हा ड्यूकच्या अंमलाखालील स्वतंत्र राज्य होते. आज थोरेन्सचा परिसर फ्रान्समध्ये मोडतो. वडील मोठे जमीनदार व सरदार होते. थोरल्या मुलाने कायदा शिकावा, राज्याच्या न्यायसभेत मानाचे पद मिळवावे आणि घराण्याचे नाव पुढे चालवावे, ही त्यांची इच्छा होती. आई भाविक होती. गरिबांना भिक्षा देताना ती लहानग्या फ्रान्सिसला बरोबर नेत असे.

गावाजवळच्या शाळांतील शिक्षण आटोपल्यावर त्यांना पॅरिसला येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लेरमाँ महाविद्यालयात पाठविण्यात आले. तेथे ते साहित्य व तत्त्वज्ञान शिकले. सरदारपुत्राला आवश्यक म्हणून घोडेस्वारी, तलवारबाजी व नृत्यही शिकले. धर्मगुरू होण्याची ओढ मात्र त्यांनी मनात जपून ठेवली होती. वडिलांना तिचा पत्ता नव्हता.

सहा आठवड्यांचा काळोख

पॅरिसमध्ये असताना, १५८६ च्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांच्यावर एक भयंकर आध्यात्मिक संकट कोसळले. विद्यापीठात तेव्हा पूर्वनियोजनाच्या सिद्धांतावर मोठा वाद चालू होता. कोणाचे तारण व्हावयाचे आणि कोणाचा नाश, हे परमेश्वराने आधीच ठरवून ठेवले आहे काय, असा तो प्रश्न. हा वाद ऐकता ऐकता आपली गणना नाश पावणाऱ्यांमध्येच आहे, अशी फ्रान्सिसच्या मनाची खात्री झाली. अन्न गोड लागेना, झोप येईना. शरीर इतके खंगले, की जवळच्यांना त्यांच्या जिवाची काळजी वाटू लागली. ही अवस्था सुमारे सहा आठवडे टिकली.

अखेर जानेवारी १५८७ मध्ये एके दिवशी ते सेंट एतिएन दे ग्रे ह्या चर्चमध्ये गेले आणि पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे त्यांनी गुडघे टेकले. परलोकात देवावर प्रीती करणे आपल्या नशिबी नसेल, तर निदान ह्या जन्मी तरी आपण त्याच्यावर मनापासून प्रीती करू, असा त्यांनी निश्चय केला. मग जवळच्या फलकावर लिहिलेली ‘मेमोरारे’ ही मरियेची प्रार्थना त्यांनी म्हटली. त्याच क्षणी अंगावरून खपली गळून पडावी तसे ते दुःख नाहीसे झाले, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी पुढे नमूद केले आहे.

त्यांच्या पुढील सर्व शिकवणुकीचे मूळ ह्या अनुभवात आहे. आपले तारण होईल की नाही, ह्या हिशेबातून त्यांनी स्वतःला सोडवून घेतले आणि सगळा भार देवाच्या दयेवर टाकला. निराश झालेल्या, स्वतःच्या पापांनी खचलेल्या माणसांशी ते आयुष्यभर इतक्या कोमलतेने का बोलले, ह्याचा उलगडा येथे होतो. निराशा म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

वकिलीकडून वेदीकडे

१५८८ मध्ये फ्रान्सिस इटलीतील पाडुआ येथे कायद्याच्या उच्च शिक्षणासाठी गेले आणि १५९१ मध्ये त्यांनी दिवाणी व धर्मसभेच्या कायद्यात डॉक्टरेट मिळविली. वडिलांच्या समाधानासाठी कायदा शिकत असतानाच ते स्वतःच्या ओढीने ईशज्ञानाचाही अभ्यास करीत होते. येथेच ‘आध्यात्मिक युद्ध’ हे इटालियन भाषेतील छोटे पुस्तक त्यांच्या हाती आले. पुढे कित्येक वर्षे ते त्यांच्या खिशात असे. रोज त्यातले थोडे थोडे वाचायचे, हा त्यांचा नेम होता. एकच चांगले पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून अंगी मुरविणे हा वाचनाचा खरा मार्ग, असे ते पुढे इतरांनाही सांगत.

घरी परतल्यावर वडिलांनी मुलासाठी सर्व तयारी करून ठेवली होती. शांबेरीच्या न्यायसभेतील पद समोर होते. एका प्रतिष्ठित घराण्यातील मुलगीही पाहिलेली होती. फ्रान्सिस ह्यांनी दोन्ही नाकारले. वृद्ध पित्याला हा धक्का सहन होईना. त्याच सुमारास आन्सी येथील धर्ममंडळाच्या प्रमुखपदी फ्रान्सिस ह्यांची नेमणूक रोमहून मंजूर झाली. चुलतभाऊ लुई ह्यांनी त्यासाठी आधीच प्रयत्न केले होते. मान मोठा होता, म्हणून वडिलांनी मोठ्या कष्टाने होकार दिला. १८ डिसेंबर १५९३ रोजी फ्रान्सिस ह्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दाराच्या फटीतून सरकवलेली पत्रके

जिनिव्हाचे बिशप त्या काळी जिनिव्हात राहू शकत नव्हते. ते शहर कॅल्विनपंथीयांच्या ताब्यात गेल्यापासून बिशपांचे वास्तव्य आन्सी येथे होते. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले हा प्रदेशही साठ वर्षांत जवळजवळ पूर्णपणे प्रोटेस्टंट झाला होता. ड्यूकच्या हाती तो परत आल्यावर तेथे धर्मगुरू पाठविण्याचे ठरले. फ्रान्सिस ह्यांनी ते काम मागून घेतले. सप्टेंबर १५९४ मध्ये ते लुईसह पायी निघाले. वडिलांचा ह्या मोहिमेला विरोध होता, म्हणून पुरेसा पैसाही हाती नव्हता.

रात्री आलिंजच्या किल्ल्यात मुक्काम आणि सकाळी डोंगर उतरून थोनाँ शहरात जाणे, असा त्यांचा क्रम होता. हिवाळ्यात रस्ते गोठत. लांडग्यांच्या भीतीने एक रात्र त्यांना झाडावर काढावी लागली, असे सांगतात. मारेकरीही घातले गेले. पण सर्वांत कठीण गोष्ट निराळीच होती. त्यांचे प्रवचन ऐकावयास कोणी येईना. अधिकाऱ्यांनी लोकांना मनाई केली होती आणि ज्यांना यावेसे वाटे त्यांना शेजाऱ्यांची भीती वाटे. मोजक्या श्रोत्यांपुढे बोलून परतण्यात महिने गेले.

तेव्हा त्यांनी लेखणी हाती घेतली. जानेवारी १५९५ पासून ते कॅथलिक श्रद्धेचा एकेक मुद्दा सोप्या भाषेत सुट्या पानांवर लिहू लागले. त्यांच्या प्रती करून त्या भिंतींवर लावल्या जात, घरोघरी पोहोचविल्या जात, बंद दारांखालून आत सरकविल्या जात. चर्चमध्ये न येणारा माणूस घरात एकटा असताना ते पान उचलून वाचीत असे. ही पाने पुढे त्यांच्या मृत्यूनंतर ‘वादविवाद’ ह्या नावाने ग्रंथरूपात आली. कॅथलिक पत्रकारांचे आश्रयदाते होण्याचा त्यांचा मान ह्या पानांशीच जोडलेला आहे.

चार वर्षांत, १५९८ पर्यंत, शाब्लेतील बहुसंख्य लोक कॅथलिक श्रद्धेकडे परतले. ह्यात ड्यूकच्या राजसत्तेचाही वाटा होता, हे इतिहासाशी प्रामाणिक राहून सांगितले पाहिजे. शेवटच्या टप्प्यात राज्याचा दबाव लोकांवर आला. परंतु पहिली कठीण वर्षे फ्रान्सिस ह्यांनी युक्तिवाद, संयम आणि शांत वृत्ती ह्यांच्याच बळावर काढली. कॅल्विन ह्यांचे वृद्ध उत्तराधिकारी थिओडोर बेझा ह्यांना ते जिनिव्हात जाऊन भेटले, तेव्हाही त्यांच्या बोलण्यात कटुता नव्हती. स्वभावाने ते तापट होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या सौम्यतेसाठी ते प्रसिद्ध झाले ती त्यांना जन्मतः मिळालेली नव्हती. अनेक वर्षांच्या अभ्यासाने त्यांनी ती मिळविली होती.

मुलांना धर्मशिक्षण देणारे बिशप

८ डिसेंबर १६०२ रोजी थोरेन्सच्या चर्चमध्ये त्यांचा बिशपपदाचा दीक्षाविधी झाला. त्याच वर्षी ते कामानिमित्त पॅरिसला गेले असता राजे चौथे हेन्री ह्यांनी त्यांना फ्रान्समध्ये राहण्याचा आग्रह केला होता. फ्रान्सिस आपल्या डोंगराळ आणि गरीब धर्मप्रांताकडेच परतले.

आन्सी येथे ते मुलांना स्वतः धर्मशिक्षण देत. पापनिवेदन ऐकावयास बसले म्हणजे गरीब-श्रीमंत असा भेद नसे. धर्मग्रामांना भेटी देण्यासाठी ते दुर्गम खोऱ्यांतून जात. वाट जेथे अरुंद होई तेथे घोडा सोडून पायी चढत. मार्टिन नावाच्या एका मूकबधिर तरुणाला कोणी धर्मशिक्षण देऊ शकत नाही असे कळल्यावर त्यांनी त्याला आपल्या घरी आणले, खुणांची भाषा जुळवून श्रद्धेच्या गोष्टी शिकविल्या आणि ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले. मूकबधिर बांधव आजही त्यांना आपले आश्रयदाते मानतात.

ह्या सर्व धावपळीत ते पत्रे लिहीत. विधवा, माता, वकील, सरदार, धर्मभगिनी, ज्याला गरज असेल त्याला. त्यांची दोन हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत.

एका गृहिणीसाठी लिहिलेला ग्रंथ

लुईज दी शार्म्वाझी ह्या त्यांच्या एका नातलगाच्या पत्नी. घर, पती, मुले आणि राजदरबारातील ये-जा, असे त्यांचे जीवन होते. अशा जीवनात देवाशी जवळीक कशी साधावी, हा त्यांचा प्रश्न होता. फ्रान्सिस त्यांना सूचनांची टिपणे लिहून देत असत. लुईजबाईंनी ती जपून ठेवली आणि एका येशूसंघीय धर्मगुरूंना दाखविली. ती छापून सर्वांसाठी उपलब्ध करावीत, असा आग्रह त्या धर्मगुरूंनी बिशपांकडे धरला. त्यातून ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ हा ग्रंथ तयार झाला. लिआँ येथे छापलेल्या पहिल्या आवृत्तीवर १६०९ हे साल आहे. ग्रंथातील वाचकाला त्यांनी ‘फिलोथिया’, म्हणजे देवावर प्रीती करणारा आत्मा, असे नाव दिले.

ग्रंथाचा गाभा असा. सृष्टीतील प्रत्येक झाड आपापल्या जातीचे फळ देते, त्याप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या स्थितीला शोभेल अशी भक्ती करावी. बिशप एकांतवासी संन्याशासारखा राहू लागला, कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला किंवा संसारी माणसाने घरच्यांच्या पोटाची चिंता सोडली, तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल. खरी भक्ती कोणत्याही कर्तव्याला बाधा आणीत नाही. तिच्यामुळे घराची काळजी अधिक प्रेमाने घेतली जाते आणि पती-पत्नींचे प्रेम अधिक निष्कपट होते.

ह्या तत्त्वाला धरून त्यांनी दिवसाची आखणीही करून दिली. सकाळी उठल्यावर दिवसभराचे काम देवाला अर्पण करावे. जमल्यास सकाळच्या प्रहरी, मन ताजे असताना, येशूच्या जीवनातील एखाद्या प्रसंगावर ध्यान करावे. बागेतून बाहेर पडताना माणूस चार फुले तोडून घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो. तसे ध्यानातील एखादा विचार सोबत घेऊन कामाला लागावे. ध्यान संपताच धसमुसळेपणाने कामात उडी घेऊ नये. नाजूक भांड्यातून मौल्यवान द्रव घरी नेणारा माणूस जसा जपून चालतो, तसे आपले मन सांभाळीत उठावे. कामाच्या गर्दीत मधूनमधून क्षणभर मन देवाकडे वळवावे आणि झोपण्यापूर्वी दिवसाचा आढावा घ्यावा.

मिस्साबलिदानाला त्यांनी सर्व भक्तिसाधनांमध्ये सूर्याचे स्थान दिले. वर्षातून एकदोनदाच ख्रिस्तप्रसाद घेण्याची प्रथा होती अशा काळात त्यांनी प्रापंचिकांना दर आठवड्याला तो घेण्याचे उत्तेजन दिले. त्यानंतर जवळजवळ तीन शतकांनी, १९०५ मध्ये, संत पोप दहावे पायस ह्यांनी वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्याची शिकवण संपूर्ण ख्रिस्तसभेला दिली.

वाचनाविषयीही त्यांचा उपदेश व्यवहारी आहे. हाताशी एखादे चांगले भक्तिपर पुस्तक नेहमी असावे आणि रोज त्यातील थोडे वाचावे. संत ऑगस्टिन, संत जेरोम, ग्रानाडाचे लुईस ह्यांची पुस्तके ते सुचवितात. संतांनी स्वर्गातून आपल्याला पाठविलेली पत्रे वाचावीत, तशा आदराने संतचरित्रे वाचावीत, असे ते सांगतात.

पैसा मिळविणे, घर चालविणे ह्यांना त्यांनी कमी लेखले नाही. बापाचा हात एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कुंपणावरची फळे तोडणाऱ्या मुलाचे उदाहरण ते देतात. फळे तोडावीत, पण बापाचा हात सुटू देऊ नये. आणि चूक झालीच तर स्वतःवर संतापू नये. स्वतःच्या मनालाही ममतेने समजवावे आणि पुन्हा उठून चालू लागावे.

ग्रंथाचे मोठे स्वागत झाले आणि टीकाही झाली. नृत्य, विनोद, वेशभूषा ह्यांविषयी लेखकाने पुरेशी कठोरता दाखविली नाही, म्हणून एका धर्मोपदेशकाने तो प्रवचनपीठावरच जाळला असे सांगतात. फ्रान्सिस ह्यांनी प्रत्युत्तर दिले नाही. १६१६ मध्ये त्यांचा ‘ईश्वरप्रीतीविषयी’ हा दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

संत जेन दी शांताल ह्यांच्याशी स्नेह

१६०४ च्या उपवासकाळात दिजाँ येथे प्रवचने देत असताना त्यांची जेन दी शांताल ह्यांच्याशी ओळख झाली. शिकारीतील अपघातात त्यांचे पती गेले होते आणि पदरी चार मुले होती. शोक आणि नको तितके कडक आध्यात्मिक नियम ह्यांनी त्या दबून गेल्या होत्या. फ्रान्सिस ह्यांनी त्यांना भीतीतून बाहेर काढले. ६ जून १६१० रोजी दोघांनी मिळून आन्सी येथे ‘मरिया-भेट’ संघाची स्थापना केली. ज्यांना वयामुळे किंवा प्रकृतीमुळे इतर मठांत प्रवेश मिळत नसे, अशा स्त्रियांनाही येथे स्थान होते. धर्मभगिनींनी बाहेर जाऊन आजाऱ्यांची सेवा करावी, अशी मूळ योजना होती. लिआँच्या आर्चबिशपांच्या आग्रहामुळे पुढे संघाला मठबंदी स्वीकारावी लागली. आपल्या आवडीच्या योजनेला अशी मुरड पडली, तरी फ्रान्सिस ह्यांनी ती मनात अढी न ठेवता मान्य केली.

माळ्याच्या खोलीत अखेर

डिसेंबर १६२२ मध्ये ड्यूकच्या परिवाराबरोबर ते लिआँ येथे आले. प्रकृती ढासळली होती. शहरात त्यांच्यासाठी उत्तम निवासाची सोय होत होती; पण त्यांनी संघाच्या मठातील माळ्याच्या लहानशा घरात राहणे पसंत केले. तेथे जेन दी शांताल त्यांना भेटल्या. तीन वर्षांहून अधिक काळानंतरची ही भेट होती. स्वतःच्या अंतरंगाविषयी बोलावे अशी जेन ह्यांची फार इच्छा होती. संघाची कामे निकडीची आहेत, ती आधी पाहू आणि बाकीचे आन्सीला गेल्यावर बोलू, असे फ्रान्सिस ह्यांनी सुचविले. त्या तयार झाल्या. ते बोलणे राहून गेले. नाताळनंतर फ्रान्सिस ह्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि २८ डिसेंबर रोजी, निरपराधी बालकांच्या सणाच्या दिवशी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांचे पार्थिव आन्सी येथे नेण्यात आले. २४ जानेवारी १६२३ रोजी तेथे त्यांचे दफन झाले. तीच तारीख आज त्यांच्या सणाची आहे.

१६६५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. १८७७ मध्ये पोप नववे पायस ह्यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित घोषित केले, तर १९२३ मध्ये पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना कॅथलिक लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते नेमले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये पावित्र्याचे पाचारण सर्व बाप्तिस्मा घेतलेल्यांना आहे, असे शिकविले. त्या शिकवणुकीची वाट तयार करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या निधनाला चारशे वर्षे झाली तेव्हा, २८ डिसेंबर २०२२ रोजी, पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांच्याविषयी प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले.

आपल्या महाराष्ट्राशीही ह्या संतांचे नाते आहे. १८३८ मध्ये त्यांच्याच धर्मप्रांतात फादर पीटर मर्मिए ह्यांनी स्थापन केलेल्या संघाचे मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला आले आणि तेथून नागपूरच्या परिसरात पोहोचले. नागपूरचे कॅथीड्रल संत फ्रान्सिस दी सेल्स ह्यांच्या नावाने आहे. औरंगाबाद धर्मप्रांताचे, आजच्या छत्रपती संभाजीनगरातील कॅथीड्रलही त्यांच्याच नावाचे आहे. संत जॉन बॉस्को ह्यांनी आपल्या संघाला ‘सेल्शियन’ हे नाव ह्याच संतांवरून दिले.

आपल्यासाठी

पहाटे उठून डबे भरणारी गृहिणी, गाडी पकडण्यासाठी धावणारा नोकरदार, वाडीत किंवा शेतात राबणारा शेतकरी, आजारी आईवडिलांची सेवा करणारी मुलगी, ह्या सर्वांना प्रार्थनेस वेळ मिळत नाही अशी खंत असते. संत फ्रान्सिस ह्यांनी ज्या लुईजबाईंसाठी लिहिले, त्यांचीही हीच खंत होती. त्यांनी लुईजबाईंना घर सोडावयास सांगितले नाही. सकाळचे अर्पण, मनात जपलेले एक वचन, कामाच्या मध्ये देवाकडे टाकलेला एक दृष्टिक्षेप, रविवारी श्रद्धेने घेतलेला ख्रिस्तप्रसाद, रात्री वाचलेले एखादे पान, एवढ्यापासून त्यांनी सुरुवात करून दिली. एवढी सुरुवात आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल. येत्या आठवड्यात घरातील कपाटात पडून राहिलेले एखादे संतचरित्र किंवा बायबल काढून रोज एक पान वाचण्याचा नेम करून पाहावा.

हे प्रभू येशू, संत फ्रान्सिस ह्यांना तू निराशेच्या काळोखातून बाहेर काढलेस आणि त्यांच्या लेखणीला सौम्यता दिलीस. आमच्या घरात, कामात आणि बोलण्यात तुझी सोबत ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. जे आज स्वतःविषयी निराश आहेत, त्यांना तुझ्या प्रीतीची खात्री पटू दे. आमेन.